त्रेचाळीस पावलं

मार्गितबाई, माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगेन. माझे वडील गंगाखेडला एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. त्यांनाही यात काही वावगं वाटणार नाही. दर रविवारच्या फोनवर माझी चौकशी झाली की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "आणि उडीच्या बाई कशा आहेत?" त्यांना तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तुमचं वय विचारलं. मग म्हणाले, "त्यांच्या घरचं कोणी आलं असेल तर भेटून ये. हात हलवत जाऊ नको."

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. रोज पहाटे मला एकच स्वप्न पडतं. लंडनजवळच्या हॅरोचं आपलं मैदान आहे, पण कुंपणापलीकडे मेट्रोपॉलिटन लाइनच्या रुळांच्या जागी नदी वाहते आहे. हंगेरीतल्या तुमच्या गावची तिसा असावी. मी तिसा पाहिलेली नाही, म्हणून स्वप्नात तिला गोदावरीचं पाणी आहे, तसंच गढूळ, तसंच सावकाश. तुम्ही चोवीस-पंचवीस वर्षांच्या आहात. तिरक्या धावत येता, पाय रोवता आणि वर जाता, पोट खाली, नजर खाली, तुमच्या जुन्या पद्धतीने. आणि मग खाली येतच नाही. उंच उडीच्या बारच्या वर आडव्या, गवताकडे बघत राहता, जणू खाली काहीतरी पडलंय आणि ते तुम्हाला वरूनच शोधायचंय. मी खांबाशी उभा असतो. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची असते. तोंड उघडतो आणि उजाडतं.

तुमची माझी पहिली भेट मात्र अगदी स्वच्छ आठवते. मी इथे खेळशास्त्रात एम.एस्सी. करायला आलो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे पुढे काय करायचं ते विचारायला घरात कोणी नव्हतं. प्रबंधाचा विषय घेतला उंच उडीतली धाव, आणि उड्या कुठे मारतात ते शोधत स्लाऊहून दोन बस बदलून तुमच्या क्लबच्या मैदानावर आलो. हातात विद्यापीठाचं पत्र. तुम्ही घडीच्या खुर्चीवर बसला होता, अंगात हिरवा ट्रॅकसूट, मांडीवर वही. मी पत्र पुढे करून उभा राहिलो.

"बारला अर्ज द्यायला आलायस का?" तुम्ही विचारलंत. पत्र घेतलंच नाहीत. "स्वतः उडी मारतोस?"

"शाळेत मारायचो."

"पडायचास कशावर?"

"वाळूत. दोन बांबू आणि मधे दोरी."

"आम्ही लाकडाच्या भुशात," तुम्ही म्हणालात आणि शेजारच्या बाकावरची पिशवी उचललीत. "बस. उभा राहून काही दिसत नाही."

त्या दिवसापासून मी दर मंगळवारी आलो. आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात, हे सांगितल्यावर तुम्हाला ते आवडलं. म्हणालात, "आमच्याकडे नेनी म्हणतात. त्यात वय दिसतं. बाईमध्ये दिसतं का?" मी म्हटलं, नाही. तेव्हापासून तुम्ही क्लबातल्या इंग्रज पोरांकडूनही मार्गितबाई म्हणवून घेऊ लागलात.

तुमची कारकीर्द मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. ती मला तुमच्या स्वयंपाकघरात कळली, सहा रविवारी, पाप्रिका घातलेल्या सूपच्या वाफेत. तुम्ही जुन्या वह्या टेबलावर मांडायचात आणि ओळ न् ओळ मला इंग्रजीत सांगायचात. प्रत्येक उडी नोंदलेली. ओलांडली तर गोल, पाडली तर फुली. सोळाव्या वर्षी देशाच्या संघात आलात. पहिल्यांदा परदेशी गेलात ती स्पर्धा एका बंदराच्या गावी होती. तिथे तुम्ही पहिल्यांदा समुद्र पाहिलात, आणि त्या दिवशीच्या पानावर उड्यांच्या वर फक्त एक आडवी रेघ ओढलेली आहे. "तो समुद्र," तुम्ही म्हणालात. मग राष्ट्रीय अजिंक्यपदं, युरोपातली मैदानं, पावसातले सामने, हॉटेलातल्या खोलीत दोघी-तिघी मैत्रिणींनी वाळत घातलेले मोजे. या सगळ्याबद्दल तुम्ही इतक्या हळू बोलायचात, की मला वाटायचं तुम्ही आठवत नाही आहात, समोर चाललेलं बघून सांगता आहात.

सत्ताविसाव्या वर्षी तुम्ही पद्धत बदललीत. जगभरातल्या मुली पाठीवरून उड्या मारू लागल्या होत्या. तुमचे प्रशिक्षक नको म्हणत होते, घोटा दुखत होता, तरी तुम्ही सगळं पहिल्यापासून शिकलात. मी विचारलं होतं, फरक काय वाटला? प्रबंधासाठी मला सांध्यांचे कोन हवे होते. तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि म्हणालात, "पोटावरून जाताना जमीन दिसते. पाठीवरून जाताना आभाळ. मी अकरा वर्षं जमीन बघितली आणि तीन वर्षं आभाळ. आभाळात बघायला काही नसतं, म्हणून तिथे जास्त वेळ राहिल्यासारखं वाटतं." ते वाक्य मी प्रबंधात घातलं. माझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने लिहिलं, संदर्भ द्या.

आपलं एक भांडण मात्र राहूनच गेलं. त्या तीन वर्षांत तुम्ही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलात. एका उंचीवर पहिली उडी पडली. दोन शिल्लक होत्या. तुम्ही पंचांना हात करून सांगितलंत की ही उंची मी सोडते, आणि उरलेल्या दोन्ही उड्या वरच्या उंचीसाठी ठेवल्यात. वरची उंची दोनदा पडली आणि तुम्ही बाहेर. सोडलेली उंची ओलांडली असती तर पदकाची आशा होती. वहीत त्या उंचीपुढे नुसती एक छोटी रेघ आहे, सोडली असं सांगणारी.

मला ते सहनच होत नसे. "बाई, ती उंची तुम्ही सरावात रोज ओलांडत होता. हातातली गोष्ट होती."

"म्हणूनच सोडली. ती मला माहीत होती. मला वरची बघायची होती."

"आमच्याकडे मिळणारे मार्क कोणी सोडत नाही."

"तुमच्याकडे सगळे पास होतात का?"

"नाही."

"मग?"

हे 'मग' तुम्ही माझ्यावर दर वेळी असंच टाकायचात आणि सूप वाढायला उठायचात. मार्क सोडायची चैन ज्यांना परवडते त्यांची गोष्ट वेगळी, असं काहीतरी मला म्हणायचं असायचं. पण तुमच्या घरात चार भावंडांत एकच बुटांचा जोड होता हेही तुम्हीच सांगितलं होतं, त्यामुळे तेही जमायचं नाही.

त्या सहा रविवारांमुळे माझा प्रबंध झाला. पदवीदान समारंभाला घरचं कोणी येऊ शकत नव्हतं, तर तुम्ही आलात, हिरव्या ट्रॅकसूटवर मोत्यांची माळ घालून. फोटोत माझ्याशेजारी तुम्ही आहात. तो फोटो गंगाखेडला आमच्या टीव्हीवर ठेवला आहे. सप्टेंबरपासून मी एका शाळेत खेळ शिकवायला लागणार आहे, त्या अर्जावर शिफारसही तुमचीच.

आता त्या रविवारबद्दल लिहायला हवं.

उंच उडी मारणाऱ्याची धाव कुठून सुरू करायची, ती खूण पावलाला पाऊल लावून मोजतात. खांबापासून बाजूला इतकी पावलं, तिथून मागे इतकी, आणि तिथे चिकटपट्टी. ज्याने त्याने आपल्या पावलांनी मोजावं, हा साधा नियम. पण तुमच्याकडच्या मुली वाढत्या वयाच्या. त्यांचे पाय दर दोन-तीन महिन्यांनी मोठे होतात आणि खूण मागे सरकते. म्हणून तुम्ही एक युक्ती काढली होती, सगळ्या मुलींच्या खुणा एकाच मोठ्या माणसाच्या पावलांनी मोजायच्या. "तुझे पाय आता वाढणार नाहीत," तुम्ही मला म्हणालात, "तू आमची पट्टी." तेव्हापासून तुमच्या वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे माझी पावलं होती. अन्वीपुढे होतं, बाजूला बारा, मागे त्रेचाळीस. मी शंभरदा म्हटलं, फीत वापरू. तुम्ही म्हणायचात, फीत घरी विसरते, पाय विसरत नाहीत.

अन्वी चौदा वर्षांची. हॅरोतच जन्मलेली, आई इथल्या रुग्णालयात डॉक्टर. मे महिन्यातल्या त्या स्पर्धेतून काउंटीच्या संघात निवड होणार होती आणि अन्वी जाणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. मी तेव्हा स्लाऊला गोदामात काम करत होतो. सकाळची शिफ्ट लांबली. कपडे बदलायला वेळ नव्हता, तसाच धावत आलो, खूण मोजली, पट्टी लावली आणि बाजूला झालो.

पहिली उडी पडली. ती बारवर उतरली, म्हणजे फार लांबून उडाली होती. तुम्ही ओरडलात, "एक पाऊल पुढे घे." तिने घेतलं. दुसरीही तशीच पडली. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"किती मोजलीस?"

"त्रेचाळीस."

तुम्ही वही उघडलीत. तिथेही त्रेचाळीस होतं, तुमच्याच अक्षरात. तुम्ही त्या आकड्याकडे खूप वेळ बघत राहिलात. गेल्या हिवाळ्यात तुम्ही एकदा किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती, आणि एका मुलीला महिनाभर तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. त्यावर आपण सगळे हसलो होतो, तुम्हीही. त्या दिवशी तुम्ही हसला नाहीत. तिसऱ्या उडीला अन्वी धावताना अडखळली आणि बारच्या खालून निघून गेली. एकही उंची न ओलांडता ती बाहेर पडली.

ती माझ्याकडे आली. "दादा, माझा उडी असं का झाला? मी same पळाले."

मी काही बोलायच्या आधी तुम्ही म्हणालात, "तुझी चूक नाही. मी आकडा चुकीचा लिहिला."

अन्वीच्या आई पार्किंगकडे जाताना मला हळूच म्हणाल्या, "She's lovely, अहो, खूप केलंय तिने. पण आता it's time, ना?"

त्याच संध्याकाळी खोलीवर येऊन मी बूट काढले. गोदामातले, पुढे लोखंडी टोपी असलेले, जाड तळव्याचे. ते माझ्या रोजच्या बुटांशेजारी ठेवले आणि खाली बसलो. चांगले बोटाच्या जाडीएवढे लांब होते.

मंगळवारी सांगायचं ठरवून आलो. तुम्ही सगळ्यांना गोळा केलं होतंत. म्हणालात, मी आता थांबते, माझ्या डोक्यावर माझा भरवसा राहिला नाही, आणि मुलींच्या उड्यांशी असं खेळता येत नाही. मग वह्यांची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "शांतोश बघेल." संतोष तुमच्या तोंडी नेहमी शांतोश व्हायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी तेव्हा गप्प का राहिलो, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली आहेत. खरं कारण एवढंच की मला ती पिशवी हवी होती. कुणीतरी माझ्यावर एवढं काही सोपवलं होतं आणि ते परत करायचं धाडस मला झालं नाही.

पाच आठवडे मी मैदानावर तुमच्या खुर्चीशेजारी उभा राहत होतो. खुर्चीवर बसलो मात्र नाही. उन्हाळ्याचे ते लांबत जाणारे दिवस, आठ वाजले तरी गवतावर पिवळं ऊन, मुली एकामागून एक पाठीवरून वर जाताहेत आणि प्रत्येकीचं तोंड क्षणभर आभाळाकडे. मला वाटायचं, मी कुणा दुसऱ्याच्या आठवणीत उभा आहे. इथे तुम्ही असायला हवं होतं आणि मी बाकावर.

शेवटी एका बुधवारी तुम्हाला सगळं कबूल करणारं पत्र टाकलं. सेकंड क्लासचं तिकीट लावून. जेवढं उशिरा पोचेल तेवढं बरं, असं मनात होतं, हेही कबूल करतो. तुम्ही सोमवारी सकाळी गेलात, झोपेतच. शेजाऱ्यांनी क्लबला कळवलं.

मला कळत नव्हतं, की पत्र वेळेत पोचून तुम्ही खरं काय ते समजूनच गेलात, की स्वतःचं डोकं गेलं असं मानून गेलात. दुसरं काही मला सुचत नव्हतं. मंगळवारी मैदानावर मुलींना गोळा करून सगळं सांगितलं. अन्वी कुंपणाला टेकून रडत होती. तिने एकच विचारलं, "तिला माहीत होतं?"

गेल्या शनिवारी वडिलांच्या सांगण्याप्रमाणे फळं घेऊन तुमच्या घरी गेलो. तुमची भाची कातालिन हंगेरीहून आली आहे. ती कपाटं आवरत होती. माझं नाव ऐकल्यावर आत जाऊन माझ्या पत्राचं पाकीट घेऊन आली. फोडलेलं होतं. पत्राच्या पाठीवर तुमच्या पेन्सिलीतला गुणाकार होता. त्रेचाळीस गुणिले दोन, शहाऐंशी, खाली दोन रेघा. त्याखाली दोन छोटे हंगेरियन शब्द. मी विचारलं, काय लिहिलंय? कातालिन रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "असं म्हणतात, म्हणजे, बघा, मी म्हणत नव्हते?" मग डोळे पुसून तिने सांगितलं, की रविवारी तुम्ही तिला फोनवर म्हणाला होता, मंगळवारी संध्याकाळी फोन करू नकोस, मी घरी नसेन.

पत्र मी आधी मराठीत लिहिलं होतं, कारण माफी मला इंग्रजीत मागता येत नाही. मग त्याचं इंग्रजी करून पाठवलं. मूळ मराठी कागद माझ्याजवळ राहिला, तो इथे देतो.

ती. मार्गितबाईंना सा. न.

पत्र लिहायला पाच आठवडे उशीर केला. फोनवर सांगणं योग्य नव्हतं, आणि समोर आलो असतो तर तुम्ही सूप वाढलं असतंत आणि माझं बोलणं राहिलं असतं.

अन्वीचा आकडा तुम्ही बरोबर लिहिला होता. त्रेचाळीसच. चूक माझी आहे. त्या दिवशी मी गोदामातल्या बुटांनी खूण मोजली. ते बूट माझ्या रोजच्या बुटांपेक्षा दोन सेंटिमीटर लांब आहेत. मी घरी फुटपट्टी लावून पाहिलं. दर पावलाला दोन, आणि मागे त्रेचाळीस पावलं. गुणाकार तुम्हीच करा, कारण मी केलेला तुम्हाला पटणार नाही. एक पाऊल पुढे घेऊन ते भरून निघणं शक्यच नव्हतं. अन्वीने धाव अगदी बरोबर घेतली. तुम्हीही सगळं बरोबर केलंत. त्या मैदानावर चुकलेला माणूस एकच होता आणि तो तुमच्या शेजारी उभा होता.

मला हे त्याच संध्याकाळी कळलं. मंगळवारी तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःला दोष दिलात तेव्हाही मला माहीत होतं. मी बोललो नाही. तुम्ही वह्या माझ्याकडे दिल्यात म्हणून बोललो नाही. याची क्षमा मागतो, पण तुम्ही ती लगेच करू नका. आधी रागवा.

किल्ली फ्रिजमध्ये सापडली असेल, नावं विसरली असतील. त्याबद्दल मला काही कळत नाही, ते डॉक्टर बघतील. पण उडीच्या बाबतीत तुमचं डोकं ठिकाणावर आहे. याचा पुरावा मी आहे, आणि मी तो पाच आठवडे खिशात घालून फिरतो आहे.

येत्या मंगळवारी मी मुलींना आणि अन्वीच्या आईला हे सगळं सांगणार आहे. वह्यांची पिशवी बरोबर आणेन. तुमची खुर्ची जिथे असते तिथेच आहे, कुणी बसलेलं नाही. अन्वी पुन्हा उड्या मारते आहे, पण खांबाजवळ आली की थांबते आणि बाकाकडे बघते. मी सांगून काही होत नाही. ती माझं ऐकते, पण तिचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तिचं बरोबर आहे.

तुम्ही यावं अशी विनंती आहे. साडेसहाला सुरू करतो. अन्वीला सांगू का, तुम्ही येताय म्हणून?

तुमचा,
संतोष